साचा मागवण्याआधी दार मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुनर्विकासावरच्या कालच्या लेखात ‘प्रत्येक घर व्हीलचेअरयोग्य केलं तर किमती सामान्यांच्या हाताबाहेर जातील’ हे बिल्डरांचं म्हणणं तुम्ही जसंच्या तसं छापलंत. हे वाचून संताप झाला.

बाथरूमचं दार घ्या. नकाशात अडीच फूट लिहिलेलं असतं. चौकटीच्या दोन्ही बाजू आणि उघडलेल्या दाराची जाडी वजा केली की जेमतेम दोन फूट उरतात. साधी घडीची व्हीलचेअर २५-२६ इंच रुंद. ती दाराशीच अडते आणि म्हाताऱ्या माणसाला रोज उचलून आत न्यावं लागतं. तीन फुटी चौकट धरली तर दार सहा इंच वाढतं आणि भिंत तेवढीच कमी होते. यात घर महाग कुठे झालं? विटांची भिंत नंतर फोडता तरी यायची. आता बऱ्याच टॉवरच्या भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात, सळया घालून काँक्रीटच्या ओततात. तिथे दार एकदा अरुंद राहिलं की कायमचं राहिलं. तोच साचा मजल्यामागून मजला वापरतात, म्हणून हा निर्णय साचा मागवण्याआधीच व्हायला हवा.

आत खुर्ची वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. ३०० चौरस फुटांच्या झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) घरात एवढी जागा सुरुवातीपासून देणं कठीण आहे, हे मान्य. पण संडास-बाथरूम शेजारी ठेवून मधली भिंत चार इंची ब्लॉकची करता येते. तिच्यात एकही पाइप नको, दोन्हीकडची लादी एका पातळीत हवी आणि वॉटरप्रूफिंग ती भिंत उभारण्याआधी सलग झालेलं हवं. नाहीतर भिंत काढली की खालच्या घरात गळती सुरू. ज्या घराला गरज पडेल ते भिंत काढेल, बाकीच्यांवर भार नाही. कमोडशेजारची भिंत ब्लॉकची असेल तर तिच्यात अडीच-तीन फूट उंचीवर काँक्रीटचा पट्टाही सोडा; हलक्या ब्लॉकमधून आधाराच्या दांडीचा बोल्ट माणसाच्या वजनानं उपटून येतो.

सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सहज वावरता यावं यासाठीचे, निकष नुसती शिफारस असून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं आहे. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आणि तो ‘आदर्श’ रॅम्पचा फोटो! शेजारच्या तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट उंची. एकास बारा उतारानं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट या हिशेबानं, तिथे अठरा फूट लांबी लागते. फोटोतला रॅम्प सहा फुटांचाही दिसत नाही. त्यावर ग्रॅनाइट, तोही पॉलिश केलेला. पावसाळ्यात त्यावर पायी चालणाराही घसरेल. खुर्ची ढकलणाऱ्यानं पाय रोवायचे कुठे? तोच दगड खडबडीत फिनिशमध्येही मिळतो. कृपया फोटोखालचा ‘आदर्श’ हा शब्द मागे घ्या.

— एक वास्तुरचनाकार, डोंबिवली