‘सिओभान’ नव्हे, ‘शिवॉन’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील आयरिश रंगभूमीवरचा लेख आवडला. मात्र त्यात अभिनेत्री शिवॉन मॅकेना यांचे नाव चारही ठिकाणी ‘सिओभान’ असे छापून आले आहे, ते खटकले. ‘Siobhán’मधली रोमन अक्षरे एकेक करून देवनागरीत उतरवल्याने असे झाले असावे. आयरिश लेखनाचे नियम इंग्रजीहून निराळे आहेत आणि ते बऱ्यापैकी काटेकोरही आहेत. तेथे ‘इ’ किंवा ‘ए’ला लागून आलेला ‘एस’ ‘श’ होतो (आपल्या ‘पैसा’चे ‘पैशाला’ होते, तसेच काहीसे), आणि ‘बी’पुढचा ‘एच’ ही ‘ब’ मऊ झाल्याची केवळ खूण असते. जुन्या गेलिक वळणाच्या लिपीत या खुणेसाठी अक्षराच्या डोक्यावर टिंब देत असत. विसाव्या शतकात रोमन टंक रुळला आणि टिंबाच्या जागी ‘एच’ आला. टिंब टिकले असते, तर येथे ‘भ’ कोणाला सुचलाही नसता! हा मऊ ‘ब’ दक्षिणेच्या मन्स्टर प्रांतात खालचा ओठ दातांना टेकवून उच्चारतात, तर पश्चिमेच्या कॉनाक्टमध्ये ओठांचा चंबू करून. आपला ‘व’ दोन्हींना पुरतो.

गंमत म्हणजे हे नाव मुळात आयरिश नाही. ११६९ पासून आयर्लंडमध्ये येऊ लागलेल्या नॉर्मनांबरोबर फ्रेंच ‘जेहान’ आणि त्याचे स्त्रीरूप तेथे पोहोचले. आयरिश भाषेत ‘ज’ नसल्याने पुरुषाचे नाव ‘शॉन’ झाले, स्त्रीचे ‘शिवॉन’. ‘शिनेड’ हेही त्याच कुळातले. पुढे इंग्रजी कागदपत्रांत अनेक शिवॉन ‘जोहाना’ किंवा ‘ज्युडिथ’ म्हणून नोंदल्या गेल्या.

इंग्रजी ‘जोन’चे मूळही तेच. मॅकेना यांनी बर्नार्ड शॉ यांचे ‘सेंट जोन’ स्वतः आयरिशमध्ये आणले आणि गॉलवेच्या आयरिशभाषक नाट्यगृहात नायिकेची भूमिका केली, तेव्हा त्या नायिकेचे नावही शिवॉनच होते. म्हणजे रंगमंचावर त्या स्वतःच्याच नावाने वावरत होत्या. (हाक मारताना आयरिशमध्ये त्या ‘श’चाही ‘ह’ होतो, पण तो विषय लांबेल.) लेखात या प्रयोगाचा उल्लेख असूनही नामसाम्याची ही गोष्ट चुकीच्या लेखनामुळे हरवली. कृपया पुढील अंकात दुरुस्ती द्यावी.

आपला,
एक वाचक