अर्ज आधी, गाजावाजा नंतर

बौद्धिक संपदा आणि उद्योजकता या क्षेत्रांत कारकीर्द केलेल्या विधी प्राध्यापकांचा परिचय करून देणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ग्रंथ, पुरस्कार, सल्लागारपदे यांची त्यात सविस्तर नोंद आहे. नवउद्योजकांना त्यांनी केलेल्या मार्गदर्शनाची मात्र एका वाक्यात बोळवण झाली आहे. माझ्या मते अशा प्राध्यापकाचे खरे काम तेच.

संशोधक उत्साहाच्या भरात परिषदेत निबंध वाचतो किंवा गोपनीयतेचा करार न करताच गुंतवणूकदारांपुढे सगळे मांडतो. पेटंटचा अर्ज त्याला नंतर आठवतो. अमेरिकी कायद्यात संशोधकाने स्वतः शोध जाहीर केल्यास अर्जासाठी १ वर्षाची सवलत आहे. युरोपीय पेटंट करारात अशी सर्वसाधारण सवलत नाही. तिथे अर्जाआधी शोध जाहीर झाला की पेटंटसाठी लागणारे त्याचे नावीन्यच संपते आणि पुढे कितीही निष्णात वकील दिला तरी ते परत मिळत नाही.

मालकीचेही तसेच. स्टॅनफर्ड विद्यापीठ विरुद्ध रोश ही औषध कंपनी या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले की, संशोधनाला सरकारी निधी मिळाला म्हणून शोधाची मालकी आपोआप विद्यापीठाकडे जात नाही. विद्यापीठाने संशोधकाशी केलेला करार सैल असेल तर हक्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि इथे झालेही तसेच. हे स्टॅनफर्डसारख्या संस्थेच्या बाबतीत घडले, तर नवख्या उद्योजकाची काय कथा!

या प्राध्यापकांकडूनच नवउद्योजकांसाठी, शक्य तितक्या सोप्या भाषेत, एखादी लेखमाला लिहून घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक