फोन लावायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, आणि ज्यांनी तुमच्या हाताखाली काम केलं ते चार ओळी वाचूनच ओळखतील. हे आभार फार आधी मानायला हवे होते.

१९८०च्या दशकाच्या शेवटी, नरिमन पॉइंटच्या आपल्या ऑफिसात, शाखांचे दिवसभराचे आकडे रात्री फोनवरून आणायचं काम माझ्याकडे आलं. मशीनवर सिस्टिम फाइव्ह युनिक्स ही प्रणाली, आणि कॉम्प्युटरचं बोलणं फोनवरून नेणारा मोडेम सेकंदाला १२०० बिट्सचा, हेज कंपनीच्या आज्ञा समजणारा. युनिक्समध्ये ‘डायल’ नावाचं तयार फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, होतं. ते वापरून प्रोग्राम बांधला, चालवला, आणि मोडेमने हूं की चूं केलं नाही.

तुम्ही मॅन्युअल मिटवून ठेवलंत आणि आधी इतिहास सांगितलात. ते फंक्शन बेल कंपनीच्या ८०१ या पेटीसाठी लिहिलेलं. ती पेटी फक्त नंबर फिरवायची. बोलणं दुसऱ्या मोडेमवरून व्हायचं. म्हणून तर डिव्हाइसची नावंही दोन, नंबर फिरवणाऱ्या पेटीचं सीयूए आणि लाइनचं सीयूएल. १९८१मध्ये हेजने दोन्ही कामं एका डब्यात आणली. ज्या तारेतून माहिती जाते तिच्यातूनच नंबरही जाणार, हे त्या जुन्या फंक्शनच्या गावीही नव्हतं. तेव्हा आपलं फंक्शन आपणच लिहायचं ठरलं.

त्यातली पहिली अडचण मला आजही सुंदर वाटते. मोडेमची लाइन ‘ओपन’ करायला गेलं की युनिक्स कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, येईपर्यंत थांबून राहायचं. कॅरिअर येणार फोन लागल्यावर, आणि फोन लावायचा तर लाइन आधी उघडी हवी. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर क्रम लिहून दिलात: ओ-एनडीले (न थांबता उघडण्याची खूण) लावून उघड, सीलोकल (कॅरिअरकडे दुर्लक्ष) चालू कर, ओ-एनडीले काढ, आज्ञा पाठव, अलार्म लावून ‘कनेक्ट’ची वाट बघ, मग सीलोकल बंद कर. ते बंद का करायचं, हे तुम्ही माझ्याकडून वदवून घेतलंत. मधेच लाइन तुटली तर सिगहप हा इशारा यायला हवा, नाहीतर प्रोग्राम मेलेल्या लाइनवर वाचत बसेल. शेवटी वेग बी-शून्य, म्हणजे शून्य, केला की डीटीआर हा ‘मशीन तयार आहे’ सांगणारा संकेत पडतो आणि मोडेम फोन ठेवतो. तो ठेवला गेला नाही तर एसटीडीचं मीटर रात्रभर पळणार!

आपल्या एक्स्चेंजचे नखरे वेगळे. टोन चालत नव्हता, म्हणून एटीडीपी, म्हणजे पल्सने डायल करायची आज्ञा. डायल टोन अमेरिकेसारखा नाही, त्यामुळे मोडेम ‘टोनच नाही’ म्हणून माघार घ्यायचा. एक्स या आज्ञेची किंमत बदलून तुम्ही त्याला न ऐकता डायल करायला लावलंत. बाहेरच्या लाइनच्या शून्यानंतर स्वल्पविराम, म्हणजे दोन सेकंदांची उसंत. नागपूर लागायला वेळ लागतो म्हणून एस-सात, म्हणजे कॅरिअरची वाट पाहण्याचा वेळ, वाढवला. आणि यूयूसीपी या फोनवरून फाइली नेणाऱ्या युनिक्स प्रोग्रामच्या पद्धतीचीच लॉक फाइल, आत प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे दोन प्रोग्राम एकाच मोडेमवर तुटून पडणार नाहीत.

पण माझं खरं ऋण आहे ते लिंकिंगच्या, म्हणजे कोडचे तुकडे जोडून एक प्रोग्राम करण्याच्या, त्या संध्याकाळचं.

फाइल पाठवणारी लायब्ररी, म्हणजे फंक्शनांचा संच, दुसऱ्या गटाची होती, डायल करणारी आपली. दोन्ही जोडल्या तर लिंकर अनडिफाइन्ड (न सापडलेल्या) नावांची यादी समोर टाकायचा, आणि ती नावं तर लायब्ररीत डोळ्यांना दिसत होती. तुमच्या मुलाची दहावी होती, तुम्हाला डोंबिवलीची गाडी गाठायची होती. तरी तुम्ही दोन्ही लायब्रऱ्यांवर एनएम हे नावांची यादी देणारं साधन चालवलंत, रुंद कागदावर प्रिंट काढलीत आणि पेन्सिली घेऊन जमिनीवर बसलात. यू म्हणजे मागणी, तिच्याखाली लाल रेघ. टी म्हणजे पुरवठा, त्याच्याखाली निळी. मग बोट ठेवून दाखवलंत की एलडी हा लिंकर लायब्ररी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. त्या क्षणी ज्यांची मागणी नोंदलेली असेल तेवढ्याच ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइली उचलतो आणि मागे वळून पाहत नाही. पाठवणाऱ्या लायब्ररीला डायल हवं होतं, आणि डायलला नोंदी लिहिणारं फंक्शन हवं होतं. ते होतं पाठवणाऱ्या लायब्ररीतच, पण तिच्यावरून लिंकर पुढे निघून गेलेला. उपाय एवढाच, की तिचं नाव ओळीच्या शेवटी पुन्हा लिहायचं.

मला ते विचित्र वाटलं. तुम्हाला नाही. पीडीपी-११ या जुन्या मशीनवर एका प्रोग्रामला ६४ किलोबाइट पत्ते मिळायचे, तेवढ्यात सगळी लायब्ररी डोक्यात धरून कोण बसणार, असं तुम्ही विचारलंत. लायब्ररीच्या आतल्या फाइलींचाही क्रम लावावा लागायचा, त्यासाठी लॉर्डर आणि टीसॉर्ट ही साधनं आली. रॅनलिब या साधनाने लायब्ररीत अनुक्रमणिका घातल्यावर ती कटकट संपली. हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे तोच कोड एका शाखेच्या जुन्या, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीवर बेतलेल्या मशीनवर न्यायचा होता, तेव्हा ही शिकवण लगेच कामी आली. लायब्ररी नुसती कॉपी केली तरी फाइलची तारीख बदलायची आणि लिंकर अनुक्रमणिका शिळी झाल्याची तक्रार करायचा, पुन्हा रॅनलिब. नावांना तिथे आठच अक्षरं, त्यातलं पहिलं कंपायलरने लावलेली खालची रेघ. उरली सात. रोमन लिपीत ‘मोडेम_डायल’ आणि ‘मोडेम_ड्रॉप’ सातव्या अक्षरापर्यंत एकच होतात. एनएमची यादी पाहिल्याबरोबर ते दिसलं. डायल आणि ड्रॉप हे शब्द नावाच्या सुरुवातीला घेतले आणि प्रश्न मिटला.

त्याच काळात जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत आणि पवईच्या आयआयटीमध्ये डायल-अपवर यूयूसीपीने ईमेल सुरू झाला होता. तुम्ही ती बातमी सणासारखी सांगितली होतीत. माइक लेस्कने बेल लॅब्समध्ये लिहिलेला हा यूयूसीपी प्रोग्राम आपल्या खरखरणाऱ्या लाइनींवर चालतो, याचा तुम्हाला झालेला आनंद पाहून मी या कामात टिकलो, मॅडम. दुसरी नोकरी हातात होती तेव्हा.

आजचा जीएनयू लिंकरही स्टॅटिक (प्रोग्राममध्येच जोडल्या जाणाऱ्या) लायब्रऱ्या डावीकडून उजवीकडेच वाचतो. आमच्याकडची मुलं अडली की मी उत्तर सांगत नाही. एनएमची प्रिंट काढतो आणि लाल-निळ्या पेन्सिली देतो. कुणाकडून शिकलात असं विचारतात, तेव्हा तुमच्याबद्दल सांगतो.

मनापासून आभार. दिवाळीनंतर डोंबिवलीला येतो आहे, भेटायला नक्की येईन. सोबत यातल्या दोन मुली असतील, त्यांना तुम्हाला ८०१बद्दल विचारायचं आहे.

तुमचा,
त्या वेळचा ज्युनिअर