ठिपका वाकडा नव्हता, काका

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बालेवाडीच्या रेंजवर 10 मीटर एअर पिस्तूल शिकले तेव्हा एकच गोष्ट अंगात मुरली होती: नजर फोरसाइटवर (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर), टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. पंचेचाळिशी उलटली, इथे टेक्सासमध्ये 9 मिलिमीटरचं पिस्तूल हातात घेतलं, तर फोरसाइटच धूसर! रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी नेमाची साइट) बसवून घेतला, तर तो लाल ठिपका गोल दिसेना. द्राक्षाचा घड लोंबावा तसा दिसायचा. साइट खराब निघाली असं धरून मी ती परत करायला निघाले होते.

तुम्ही पिस्तूल रिकामं करायला लावलंत, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, स्वतः बघितलंत आणि म्हणालात, "आता काचेतून फोनने फोटो काढ." फोटोत ठिपका गोल होता. "साइट ठीक आहे. डोळे दाखवून ये." सिलिंडरचा नंबर (अॅस्टिग्मॅटिझम) निघाला, काका! नवा चष्मा लागला, ठिपक्याचा उजेड दोन पायऱ्या कमी केला आणि घडाचा ठिपका झाला. साइट घेताना मी 2 एमओएच्या बारीक ठिपक्याचा हट्ट धरून बसले होते (एमओए म्हणजे ठिपका किती मोठा ते सांगणारं माप). 6 एमओएचा ठिपका 25 यार्डांवर जेमतेम दीड इंच झाकतो आणि घाईत चटकन सापडतो, हे तुम्ही कागदावर गोल काढून दाखवलंत.

पण खरे उपकार स्क्रूंचे. एका मॅचमध्ये माझ्या गोळ्या टार्गेटभर विखुरल्या आणि ट्रिगरवरचा हात बिघडला म्हणून मी रडकुंडीला आले होते. तुम्ही दोन बोटांनी साइट धरून हलवलीत. ती हलली. बसवणाऱ्याने तेलकट भोकांतच स्क्रू पिळले होते. संध्याकाळी तुमच्या गॅरेजमध्ये आटे अॅसिटोनने पुसले, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एकेक थेंब लावला आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच पिळणाऱ्या पान्याने) पुस्तिकेत दिलेल्या 15 इंच-पाउंडांवर घट्ट केले. मी आणखी पिळायला गेले तर तुम्ही हात धरलात. एवढ्याशा स्क्रूचं डोकंच तुटतं. मग दोन्ही स्क्रूंवर, स्क्रूवरून साइटवर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढलीत. रेघ मोडली की स्क्रू फिरला. रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी झिरो केलं, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी पडतील अशी साइट जुळवली.

काचेत ठिपका शोधत मी पिस्तूल हलवत बसायचे, तेही तुम्हीच मोडलंत. नजर टार्गेटवर ठेवायची, पिस्तूल नजरेपुढे आणायचं, ठिपका आपोआप येतो. रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने भिंतीसमोर करते; गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आता काचेवरची काजळी आधी ब्लोअरने उडवते, मगच मऊ कापड लावते. गुढीपाडव्याला बॅटरी बदलते. ती बाजूच्या खाचेतून निघते, साइट उतरवावी लागत नाही, तरी नंतर पाच गोळ्या मारून झिरो बघतेच.

काल रेंजवरून आल्यावर भिंगाखाली बघितलं. सहा महिने झाले, दोन्ही रेघा अजून सरळ आहेत.

तुमची,
बालेवाडीची मुलगी