फॉर्म्युला वनच्या बाहेरही मोठ्या कारकिर्दी घडतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातल्या मोटार शर्यती म्हणजे फॉर्म्युला वन आणि फॉर्म्युला वन म्हणजे पहिल्या तिघांची नावे, असे आपल्या क्रीडा पानावर वर्षानुवर्षे चालत आले आहे. अलीकडच्या एका लेखात तर फॉर्म्युला वनमध्ये जागा न मिळालेल्या चालकांची कारकीर्द अर्धवट राहिली, असे सरसकट म्हटले होते. ते मला मुळीच पटले नाही. टूरिंग कार, म्हणजे रोजच्या वापरातल्या मोटारींवर बेतलेल्या गाड्यांच्या, आणि दीर्घ पल्ल्याच्या शर्यती मी आवडीने पाहतो. त्या जोरावर अँडी प्रिओ या ब्रिटिश चालकाबद्दल चार गोष्टी मांडतो.

प्रिओ गर्नसीचा. इंग्लिश खाडीतले, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे हे जेमतेम पासष्ट चौरस किलोमीटरचे बेट. तिथल्या रस्त्यांवर ताशी 35 मैलांपेक्षा, म्हणजे साधारण 56 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने गाडी हाकायला कायद्याने बंदी आहे आणि बेटावर शर्यतीचे कायमस्वरूपी सर्किट नाही. असते ती घाटरस्त्यावर एकेका गाडीने घड्याळाशी लावलेली चढाईची शर्यत. अशाच शर्यतींमधून पुढे येत त्याने 1995 मध्ये ब्रिटनचे हिल क्लाइंब विजेतेपद मिळवले. सर्किटवर नशीब काढायचे तर इंग्लंड गाठणे भाग होते आणि खिशात पैसा नव्हता. बायकोसह सिल्व्हरस्टोन सर्किटजवळ कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहून त्याने ते दिवस काढले. 1999 मध्ये ब्रिटनच्या रेनो स्पायडर मालिकेत त्याने सगळ्याच्या सगळ्या शर्यती जिंकल्या. मग फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरचे फॉर्म्युला थ्री झाले, 2002 मध्ये ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत होंडा सिव्हिक चालवून झाली आणि 2003 पासून तो युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत बीएमडब्ल्यूकडून उतरला.

पुढची चार वर्षे मला सगळ्यात मोलाची वाटतात. 2004 चे युरोपियन विजेतेपद त्याने डर्क म्युलरशी समसमान गुण होऊनही पटकावले, कारण त्याने जिंकलेल्या शर्यती जास्त होत्या. त्यानंतर युरोपियन स्पर्धेची जागतिक टूरिंग कार स्पर्धा झाली आणि 2005, 2006, 2007 अशी ओळीने तीन वर्षे तोच विजेता ठरला. 2006 मध्ये योर्ग म्युलरवर त्याची आघाडी होती फक्त एका गुणाची.

यात काय विशेष, असे कुणी विचारील. या स्पर्धेत जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीत गाडीत जादा वजन घेऊन पळावे लागे. शिवाय प्रत्येक फेरीत दोन शर्यती असत आणि पहिल्या शर्यतीतल्या पहिल्या आठांचा क्रम उलटा करून दुसरी शर्यत सुरू होई, म्हणजे आठवा आलेला सगळ्यांच्या पुढे आणि जिंकलेला आठव्या जागी. बंपरला बंपर घासत पळणाऱ्या अशा शर्यतींत तीन वर्षे टिकून राहायचे, तर वेगाबरोबर डोकेही लागते.

2007 चा शेवट तर विसरता येत नाही. प्रिओ आणि सेआत या स्पॅनिश कंपनीची गाडी चालवणारा इव्हान म्युलर बरोबरीच्या गुणांनी शेवटच्या फेरीसाठी चीनमधल्या मकावला आले. तिथला गिया हा सहा किलोमीटरहून लांब, शहरातल्या रस्त्यांवरचा ट्रॅक. दोन्ही बाजूंना कठडे आणि मेल्कोच्या वळणावर एका वेळी जेमतेम एकच गाडी वळेल एवढी जागा. पहिल्या शर्यतीत म्युलर पुढे होता आणि ट्रॅकच्या शेवटच्या चकरेत त्याच्या गाडीचा इंधनपुरवठा बिघडला. प्रिओ आठवा आला, उलट्या क्रमामुळे दुसऱ्या शर्यतीत सर्वांत पुढून सुटला आणि ती जिंकून विजेता झाला. त्यात नशिबाचा वाटा होता, हे मी नाकारत नाही. म्युलरबद्दल आजही वाईट वाटते. पण पुढून सुटल्यावर मागे सगळी झुंबड असताना त्या कठड्यांमधून गाडी सहीसलामत पहिली आणणे हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

दीर्घ पल्ल्यातही तो कमी नव्हता. 2005 मध्येच पेद्रो लामी, बोरिस सईद आणि डंकन हाउसमन यांच्या जोडीने त्याने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगची 24 तासांची शर्यत जिंकली. एका फेरीला सुमारे पंचवीस किलोमीटर, तेही जंगलातून, रात्रीच्या अंधारात, कमी ताकदीच्या गाड्यांना सतत ओलांडत. 2016 पासून तो फोर्ड जीटी चालवू लागला. हॅरी टिंकनेलसोबत त्याने त्याच वर्षी जागतिक एन्ड्युरन्स, म्हणजे दीर्घ पल्ल्याच्या, स्पर्धेत फुजी आणि शांघायला आपल्या गटात, म्हणजे त्याच प्रकारच्या गाड्यांमध्ये, बाजी मारली. 2017 मध्ये पिपो देरानीही सोबत असताना फ्रान्समधल्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्यांची गाडी गटात दुसरी आली. वयाच्या चाळिशीनंतरची ही कमाई आहे.

चालक बदलताना पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात त्या जागी, पाहावे. उतरणारा पट्टे सैल करून बाहेर पडतो, चढणारा आपली गादी सीटवर टाकून आत सरकतो आणि मग उतरलेलाच वाकून त्याचे पट्टे आवळतो, रेडिओची वायर जोडून देतो. एकाच गाडीत तिघांनी वेग सांभाळायचा, दुसऱ्याच्या सोयीने लावलेली गाडी कुरकुर न करता चालवायची. मला तरी हे फॉर्म्युला वनपेक्षा कमी दर्जाचे कधीच वाटले नाही. आणि फॉर्म्युला वनचे म्हणाल, तर प्रिओने 2005 मध्ये विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाची गाडी चाचणीसाठी चालवली होती. तिथे शर्यतीची जागा मिळाली नाही, एवढेच.

तेव्हा विनंती अशी, की ल मान्स, न्युर्बुर्गरिंग, स्पा इथल्या 24 तासांच्या शर्यतींच्या बातम्यांत निव्वळ गाडीच्या कंपनीचे नाव देऊन थांबू नये. त्या गाडीत बसलेल्या सगळ्या चालकांची नावे छापावीत आणि गटवार निकालही द्यावेत. चार ओळी जास्त लागतील. जूनमधल्या ल मान्सपासून सुरुवात करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज