एचडीआर फोटोंना बाद करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पानावर वाचकांनी काढलेले फोटो येतात ते मी न चुकता बघते. मागच्या महिन्यात त्यावर एका वाचकांचं पत्र आलं होतं की एचडीआर करून (म्हणजे एकाच जागेचे कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो जोडून एक करून) पाठवलेले फोटो छापूच नका, ते कॉम्प्युटरवर बनवलेले असतात, खरे नसतात. ते वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही, कारण गेलं दीड वर्ष मी हेच शिकतेय आणि मला ते खोटं अजिबात वाटत नाही, म्हणून हे पत्र.

आधी मी याच्यात कशी पडले ते सांगते. इथे बडोद्यात दांडिया बाजारात आमचं सासरचं जुनं घर आहे, सागवानी खांब, मधे चौक, चौकाला लागून माजघर आणि माजघराच्या कोपऱ्यात देवघर. आता ते पाडून तिथे फ्लॅट होणार हे ठरलंय. पुण्याच्या माझ्या जाऊबाईंनी फोन करून सांगितलं की वहिनी, माजघराचा एक चांगला फोटो काढून ठेवा, आपण तिथे बसून निवडायचो, शिवायचो तसा. मी भाच्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि सकाळी अकराला उभी राहिले, तर चौकातलं ऊन बघून फोटो काढला की माजघर काळं कुट्ट, आणि माजघर दिसेल असा काढला की चौक पांढरा फटक, तुळशीवृंदावन गायब. डोळ्यांना मात्र दोन्ही नीट दिसत होतं! तीस वर्षं त्या उंबऱ्यात बसून मी एकाच वेळी चौकातली तुळसही बघितलीय आणि देवघरातली समईसुद्धा.

मग भाच्याने समजावलं. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढतो. आमच्या चौकाला एफ ८ (एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते) आणि आयएसओ १०० (आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) वर शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तरी पुरत होतं आणि माजघराला त्याच सेटिंगवर अख्खा एक सेकंद लागत होता, म्हणजे उजेडात २५० पट फरक, जवळपास आठ वेळा दुप्पट, म्हणून आठ स्टॉप. आणि हा फरक नुसता चौकातल्या आणि माजघरातल्या मधल्या उजेडाचा, उन्हात चमकणारी फरशी आणि फळीखालची सावली धरली तर आणखी वाढतो. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलमध्ये, प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ च पायऱ्या असतात, त्यात हे सगळं नीट बसत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं तर १४ बिटला १६,३८४ पायऱ्या मिळतात, त्याने पुष्कळ फरक पडतो पण आमच्या माजघराला तेही पुरलं नाही, सावल्या वर ओढल्या की दाणे दाणे दिसायला लागले.

तर उपाय असा की एकाच जागेवरून बरेच फोटो काढायचे. मी ट्रायपॉडवर पाच काढले, १/२५०, १/६०, १/१५, १/४ आणि १ सेकंद, दर वेळी दोन स्टॉप जास्त. बदलायची ती फक्त शटरची वेळ, एफचा आकडा तोच ठेवायचा नाहीतर पुढचं-मागचं किती शार्प येतं ते दर फोटोत वेगळं होतं, आयएसओ तोच, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून लावतात ते सेटिंग) तोच, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाकायचा आणि बटण दोन सेकंदांच्या टायमरवर, बोटाचा धक्का लागू नये म्हणून. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा हे मला फार उशिरा कळलं. नंतर कॉम्प्युटरवर त्या पाचातून जो भाग ज्यात नीट आलाय तो घेऊन एक फोटो होतो. यात बाहेरचं काय आलं सांगा? प्रत्येक ठिपका आमच्याच घरातून आलेल्या उजेडाचा आहे.

आणि हे काही आजचं फॅड नाही. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे म्हणून फोटोग्राफर होते, तेव्हाच्या काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला फार लवकर भाजायच्या त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं यायचं, तर ते समुद्राची वेगळी आणि आकाशाची वेगळी निगेटिव्ह घेऊन एकाच कागदावर छापायचे. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या, म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेल्या, फोटोंतून खरा उजेड किती होता ते गणिताने काढायची जी पद्धत खूप गाजली ती १९९७ ची, पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांची, आणि हे मलिक आपल्याच आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

शिवाय आयफोनमध्ये एचडीआर २०१० पासून आहे, आणि आजचे बरेचसे फोन तर न विचारताच एका क्लिकमध्ये पाच-दहा फ्रेम घेऊन जोडतात. म्हणजे एचडीआर बाद करायचं तर तुमच्याकडे येणारे फोनवरचे बहुतेक फोटो बाद करावे लागतील, त्या वाचकांचेही.

आपण बडोदेकर तरी हे म्हणायला नको. फतेहसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं आपण लहानपणापासून बघतोय. सावलीतल्या पदराचा काठ पण दिसतो आणि उजेडातल्या दागिन्याची चमक पण दिसते, कारण रंगाच्या पांढऱ्याला सूर्य होता येत नाही हे चित्रकाराला माहीत असतं आणि तो सगळा उजेड त्या मापात बसवतो. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. फोटोवाल्याने तेच केलं की मात्र फसवणूक?

आता त्या वाचकांचा राग कुठून आला असेल ते मला कळतं, कारण खराब एचडीआर फार डोळ्यांवर येतात. घुमटाभोवती पांढरं वलय, ढग काजळी फासल्यासारखे, कडुलिंबाची पानं प्लास्टिकची, माणसाचा चेहरा मळलेला. हे जोडण्यामुळे होत नाही, त्याच्या पुढच्या पायरीने होतं, तिला टोन मॅपिंग म्हणतात. जोडलेल्या फोटोत एवढा उजेड असतो की साध्या स्क्रीनवर किंवा कागदावर मावत नाही, म्हणून तो दाबावा लागतो, आणि तिथे डीटेलचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला की प्रत्येक वीट ओरडायला लागते. मी पण लक्ष्मी विलास पॅलेसचा पहिला फोटो तसाच केला होता, आमच्या ह्यांनी बघितला आणि म्हणाले हे आपलं बडोदं वाटत नाही. त्यांचं बरोबर होतं, सावल्याच शिल्लक नव्हत्या आणि सावली गेली की वास्तूचा उठाव जातो.

तेव्हापासून मी एक्स्पोजर फ्यूजन वापरते. ही २००७ ची पद्धत, यात आधी मोठा एचडीआर बनवून मग दाबायची भानगडच नाही, प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग थेट एकमेकांत मिसळतो आणि निकाल खूप शांत येतो. एन्फ्यूज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नव्याने करणाऱ्यांनी त्याच्यापासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

कुठे करू नये ते पण सांगते. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवरून मी तीन-तीन फ्रेम काढल्या आणि घरी जोडल्या तर एकेक पतंग तीन-तीन जागी, कारण फ्रेम बदलेपर्यंत पतंग सरकलेला. हलणारं काही असेल तर एकच फ्रेम बरी. सूरसागर तलावाचं वेगळंच, तिथली १११ फुटांची शंकराची मूर्ती सोन्याने मढवल्यापासून दुपारी इतकी चमकते की छाती-खांद्यावरचा सगळा घाट एका फोटोत जळून जातो, तिथे दोन-तीन स्टॉप कमी घेतलेली फ्रेम हवीच. पण तीच मूर्ती सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी काढा, आकाश आणि दिवे जवळपास सारख्या उजेडाचे होतात आणि एका क्लिकमध्ये सगळं येतं.

राहिला तांबेकर वाडा. रावपुऱ्यातला हा वाडा म्हणजे १८४९ ते १८५४ मध्ये बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं घर, आणि आतली भित्तिचित्रं बघायला मी वर्षातून दोनदा तरी जाते. अंधाऱ्या लाकडी खोल्या आणि खिडकीतून येणारं ऊन, एचडीआरसाठी याच्याहून चांगली जागा सापडायची नाही. पण केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणून तिथे मी खांबाला टेकून फोननेच काढते. नियम का आहे ते कळतं, गर्दीत कोणाचा पाय अडकेल, भिंतीला धक्का लागेल. पण महिन्यातून एखाद्या सकाळी एक तास, आधी नाव नोंदवून, रबरी टोकांचे ट्रायपॉड चालतील असं झालं तर हौशी लोक किती काम करतील, तेही फुकट. हे तुमच्या पेपरने मांडावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि फोटोंच्या पानासाठी दुसरी विनंती. एचडीआर बंद करण्याऐवजी पाठवणाऱ्याला एक ओळ लिहायला सांगा की किती फ्रेम जोडल्या आणि नंतर काय बदललं. दुसरीकडचं आकाश आणून चिकटवलं असेल, वायर पुसली असेल, तर तो फोटो बाद करा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

जाऊबाईंना माजघराचा फोटो पाठवला तर त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल, देवघराशेजारचा कोनाडा, जिथे सासूबाई काड्यापेटी ठेवायच्या. त्या फोनवर बराच वेळ बोलल्याच नाहीत. चौकातली तुळस पण दिसतेय त्यात, उन्हात.

पत्रासोबत पाचही मूळ फ्रेम आणि जोडलेला फोटो पाठवतेय. छापलात तर एकच करा, फळीखालचा डावा कोपरा काळा आहे तो उजळू नका, तिथे दुपारी पण अंधारच असायचा.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा