खरेदीदाराने आणलेल्या अभियंत्यास, घर विकणाऱ्याचे आभारपत्र

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

पुण्यातील आमच्या आईवडिलांचा फ्लॅट विकताना आपण तपासणीसाठी आलात ते खरेदीदाराच्या वतीने, आणि आपले शुल्कही त्यांनीच दिले. तरीही आपले आभार मानण्याची गरज विकणाऱ्याला, म्हणजे मला, अधिक वाटते. आपल्याकडे घर घेणारे ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल) काढतात, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा) आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) तपासतात. घराच्या बांधकामाकडे मात्र क्वचितच कोणी जाणकार नजरेने पाहतो. बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो, पण त्याचे काम कर्जापुरती किंमत ठरवण्याचे असते.

फ्लॅट दाखवण्यापूर्वी नवा रंग लावून घ्या, असा एजंटचा आग्रह होता. तपासणी होईपर्यंत भिंतींना हात लावू नका, असे आपण आधीच कळवलेत, याबद्दल पहिले आभार. बाथरूमच्या छतावरील ओल एप्रिलमध्येही कायम होती. त्यावरून ती पावसाची नसून वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून, फरशीखालच्या भरावात पाणी मुरून आलेली असावी, हे आपण समजावून सांगितलेत. बाल्कनीच्या स्लॅबखालचे पोपडे आम्ही इतकी वर्षे नुसत्या गिलाव्याचा दोष समजत होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची क्षारता घटत गेली की सळईचे संरक्षण जाते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचा बाहेरचा थर ढकलून पाडते, म्हणून गंज न काढता वरून गिलावा करणे व्यर्थ असते, हे आपण खरेदीदाराइतक्याच आत्मीयतेने मलाही सांगितलेत. पोकळ वाजणाऱ्या फरशा आणि अर्थिंग नसलेले जुने वायरिंग यांचीही नोंद झाली. ती अपेक्षितच होती.

विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला साधारण दक्षता घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष त्याला सांगणे, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. नव्या प्रकल्पात ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी रेरा (स्थावर संपदा) कायद्याने बिल्डरवर टाकली आहे. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीतील रिसेल फ्लॅटला तो आधार नसतो. आपला अहवाल आम्ही करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडला. त्यापायी किंमत थोडी उतरली खरी, पण 'हे आम्हाला सांगितलेच नव्हते' असे म्हणायला पुढे कोणालाच जागा उरली नाही, आणि मला हा सौदा स्वस्तातच पडला असे वाटते. (एजंटचे मत अर्थातच वेगळे आहे.)

फ्लॅटचे दोष आणि इमारतीचे दोष आपण अहवालात वेगळे मांडलेत, हेही फार उपयोगी पडले. दोन फ्लॅटमधील बाथरूमची गळती संबंधित सभासदांनी आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने. तीस वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावे, असे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचे आदर्श उपविधी (नमुना नियम) सांगतात. आपल्या अहवालाची प्रत खरेदीदारांच्या संमतीने मी सचिवांना दिली असून, ऑडिटचा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

आपला कृतज्ञ,
एक फ्लॅटविक्रेता, पुणे